सवाष्णीने पाहू नये

धावजी आडे वारला आणि त्याचं दिवसकार्य आटोपल्यावर बादलने लालीबाईला कोर्टात उभं केलं. बादल हा धावजीचा पहिल्या बायकोचा मुलगा. त्याची आई तापाने गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला चालायला, जेवायला आणि शिव्या द्यायला शिकवलं ते लालीबाईने. शिव्या त्याने चांगल्या उचलल्या होत्या, पण दावा लावताना त्याने एकही वापरली नाही. वकिलाने त्याला त्याहून सभ्य भाषा दिली. दाव्यात लिहिलं होतं की मयत धावजी हा विधुर म्हणूनच वारला, लालीबाई नावाची स्त्री त्याच्या घरात राहत होती, ती त्याची कायदेशीर पत्नी नव्हे आणि राखी ही त्याची औरस संतती नव्हे.

राखी म्हणजे लालीबाईची एकुलती एक. दारव्ह्याला कॉलेजात जायची, म्हणून वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं.

"औरस म्हंजे काय वं?" लालीबाईने विचारलं.

राखीने कागदावरची नजर हलवली नाही. "लग्नाच्या नवरा-बायकोचं लेकरू," ती म्हणाली.

"मंग तू काय मले उकिरड्यावर सापडली?"

तांड्यात घरोघरी बंजाऱ्यांची गोरबोलीच चालते. पण दावा मराठीत होता, म्हणून त्या दिवसापासून या घरात त्या विषयावरचं सगळं बोलणं मराठीतच होऊ लागलं. घरातलीच भांडणं, पण ती परक्या भाषेत करायची, असा प्रकार. आणि दावा लावणारा बादल त्याच घरात, त्याच चुलीवरची भाकर खात होता. "याडी, मीठ दे," म्हणायचा, म्हणजे आईच म्हणायचा, आणि मीठ घेताना मान वर करायचा नाही. तो वाईट होता असं कुणी म्हणू नये. अर्धं वावर उद्या राखीच्या नवऱ्याच्या हातात जाईल, हे त्याच्या बायकोने त्याच्या कानात घातलं होतं, आणि कानात घातलेलं त्याला बाहेर काढता येईना, एवढंच.

लालीबाई धावजीच्या घरी आली ती पाटाने. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तिचा पहिला नवरा लग्नानंतर वर्षभरात साप चावून गेला होता, आणि ती बापाच्या तांड्यावर परत येऊन भावजयांची धुणी धूत होती. इकडे धावजीच्या काखेत रडणारं पोर. दोन्ही तांड्यांच्या जाणत्या माणसांनी बसून ठरवलं आणि पाट लावून दिला.

या तांड्यात पाटाची एक रीत होती. पहिल्या लग्नाला मांडव, गाणी, पाहुणे, गोंधळ. पाटाला यातलं काही नाही. अंधार पडल्यावर घराच्या मागच्या अंगाला नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि दोन-चार म्हातारे जमायचे, काय करायचं ते करायचे, आणि तेवढा वेळ तांड्यातल्या सवाष्णींनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. सवाष्णीने पाट पाहिला तर तिच्या नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं मानत. ज्या गोष्टीला साऱ्या तांड्याची संमती, तिच्याकडे कुणीच बघायचं नाही, असा तो कारभार. तेव्हा तो कुणाला विचित्र वाटला नाही. लालीबाईलाही नाही. तिला घर मिळालं होतं.

तिच्या वकीलबाई रुपाली. वय कमी, पण बोलणं सरळ. त्यांनी टेबलावर दोन बोटं ठेवून सांगितलं, "काकू, आपल्याकडं रस्ते दोन. एक, इतकी वर्षं नवरा-बायको म्हणून राहिले, तर तेच लग्न समजा, असं कोर्टाला म्हणायचं. तो रस्ता कच्चा आहे. तांड्यातला कोणी मोठा माणूस उभा राहून 'ठेवलेली होती' म्हणाला, की तो रस्ता बंद. दुसरा, तुमच्यात पाटाची रूढी आहे आणि तुमचा पाट त्या रूढीप्रमाणे लागला, हे दाखवायचं. त्यासाठी पाहणारा माणूस पाहिजे."

"पाहणारा," लालीबाई म्हणाली.

"हो. डोळ्यांनी पाहणारा. नाही मिळाला तर तुम्ही पत्नी नाही, आणि राखीच्या नावामागं बाप नाही. वावर तर जाईलच."

वावराचं लालीबाईला एवढं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, खोटं कशाला बोला, त्या काळ्या मातीत तिचे गुडघे गेले होते. पण राखीच्या नावामागं बाप नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना. धावजी राखीला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडायचा. पोरीला गोडीशेव आवडते म्हणून स्वतः चहा न पिता परत यायचा. तो बाप नव्हता तर मग होता कोण?

पाट लावणारे म्हातारे एकेक करून गेले होते. उरला होता श्रावण. त्या संध्याकाळी तो जवान पोरगा होता आणि त्याच्या हातात कंदील होता. आता तो तांड्याचा नायक. पांढरे कपडे घालतो, तालुक्याच्या पुढाऱ्यांत उठबस आहे. लालीबाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आपल्यात पाट नसते," श्रावण म्हणाला. "आपल्यात सात फेरे."

"श्रावणदादा, कंदील तुमच्या हातात होता."

"असंन. कंदील मी लय ठिकाणी धरला."

"मी खोटं बोलून राह्यली का?"

श्रावणने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खोटं नाही बोलत तू. पण आयक. उद्या कोर्टात लिहून येईन का आमच्या बाया दुसरं घर करतात. तालुक्यातले लोक हसतीन. आता कुठं आपल्याले लोक खुर्ची देऊन राह्यले. तुह्या एकीसाठी साऱ्या तांड्याची मान खाली घालू काय?"

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते; याला काय करणार? लालीबाई उठली. जाताना त्याच्या बायकोने तिला चहा घे म्हटलं, आणि तिने घेतलाही. तांड्यात राहायचं तर चहा नाकारून चालत नाही.

मग ती त्या वेळच्या बायकांकडे फिरली. कुणी दळण निवडत होती, कुणी नातवाला न्हाऊ घालत होती. सगळ्यांनी तिला जवळ बसवलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. "आमी तं तोंड फिरवलं होतं, बाई." त्यात दगाफटका काही नव्हता. त्यांनी तोंड फिरवलं होतं ते पाट खरा होता म्हणूनच. रखेल घरात घ्यायची असती तर कोण कशाला भिंतीकडे बसलं असतं? पण भिंतीकडे बघणाऱ्या बायका साक्षीला आणून रुपालीबाई काय विचारणार होत्या, भिंत कशी होती म्हणून?

राहता राहिली बिजलीबाई. ती नात्याने लालीबाईची थोरली जाऊ. तांड्यात तिचा मान वेगळाच होता. लग्न ठरलेल्या पोरींना ढावलो शिकवायचं काम तिचं. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने गळ्यात पडून रडत रडत गायचं गाणं. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं, आणि बिजलीबाईसारखं शिकवणारं आसपासच्या तांड्यांत कुणी नव्हतं. ती विधवा असूनही लोक आपल्या पोरी तिच्याकडे पाठवायचे. तिचा नवरा भावसिंग लालीबाईच्या पाटानंतर त्याच पावसाळ्यात विहिरीत पडून गेला होता.

लालीबाई तिच्याकडे गेलीच नाही. काय विचारणार? बिजलीबाईच एका दुपारी आली आणि उंबऱ्यात बसली.

"म्या पाह्यलं होतं," ती म्हणाली. "कुडाच्या फटीतून."

लालीबाईने निवडायचं सूप बाजूला सारलं.

"कोर्टात सांगतो मी. वकीलबाईले सांगून देजो."

"बिजली, तुले कळते ना लोक काय म्हणतीन? भावसिंगदादा त्याच साली गेला."

"कळते."

"पोरं घरात ठेवणार नाहीत."

"कळते म्हणलं ना. किती वेळा इचारतं?"

लालीबाईला रडू आलं आणि लाजही वाटली, कारण तिला आधी आनंद झाला होता. तिचं लग्न कुणीतरी पाहिलं होतं. इतकी वर्षं ते एका बाईच्या डोळ्यांत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. त्या दिवशी तिने राखीला जवळ घेऊन सांगितलं, "बिजलीनं पाह्यलं वं." राखीही हसली. घरात धावजी गेल्यापासून कुणी असं हसलं नव्हतं.

कोर्टात आधी श्रावणची साक्ष झाली. समाजात पाटाची चाल नाही, धावजीने बाई ठेवली होती, आम्ही नाइलाजाने चालवून घेतलं, एवढं बोलून तो उतरला. रुपालीबाईंनी कंदिलाचं विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. मग लालीबाई. बादलचा वकील वयस्क, गोड बोलणारा. त्याने तिला आजी म्हटलं.

"आजी, बादलच्या लग्नात नवरदेवाची आई म्हणून कोण बसलं होतं?"

"त्याची मामी."

"तुम्ही का नाही?"

"पाटाच्या बाया बसत नाहीत."

"म्हणजे तांडासुद्धा तुम्हाला त्याची आई मानत नव्हता."

"मानत व्हता. पण बसत नाहीत."

"बरं. तुमच्या त्या विधीत काय काय झालं?"

"डोक्यावरून ओढणी होती. खाली पाहाले सांगतलं होतं." ती थांबली. "त्याहिचे पाय दिसले मले."

"फक्त पाय?"

"पाय."

पलीकडे बादल बसला होता. त्याला वकिलाने विचारलं तेव्हा तो जज मॅडमकडे बघून म्हणाला, "ही बाई आमच्या घरी राहायची." बाई. लालीबाईला वाटलं होतं की निदान त्याचा आवाज अडखळेल. अडखळला नाही. घरी जाऊन संध्याकाळी त्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या तारखेला बिजलीबाई उभी राहिली. मागच्या बाकांवर तांड्यातली बरीच माणसं होती, तिची दोन्ही पोरं होती. रुपालीबाईंनी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. कुडाची फट, कंदील, नायकाने दोघांना जवळ बसवलं, धावजीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. तिचा आवाज ढावलो शिकवतानाचाच होता, थांबत थांबत आणि खणखणीत. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. तिच्या थोरल्या पोराने मान खाली घातली. लालीबाईला वाटलं, झालं, आता कुणीही काही म्हणो.

बादलचा वकील उठला.

"मावशी, तुमच्या तांड्याची रूढी अशी की सवाष्णीने पाट पाहू नये. बरोबर?"

"हो."

"पाहिला तर?"

"तिचा धनी जाते."

"तेव्हा तुम्ही सवाष्ण होता?"

"होतो."

"मग कुठल्या बाईची पाहायची छाती होईल? तुम्ही खोटं बोलताय."

"नाही. म्या पाह्यलं."

"पाहिलं असेल, तर रूढी मोडली. मॅडम, रूढीने लग्न लागलं म्हणणाऱ्याला ती रूढी जशीच्या तशी पाळली गेली हे दाखवावं लागतं. तांड्याचा नायक स्वतः सांगतो की त्यांच्यात ही चाल नाही. यांची साक्षीदार सांगते चाल आहे, पण ती मीच मोडली. मग राहिलं काय?" तो पुन्हा बिजलीबाईकडे वळला आणि आवाज अजून मऊ केला. "मावशी, तुमचे यजमान केव्हा वारले?"

रुपालीबाईंनी हरकत घेतली. पण बिजलीबाईने उत्तर देऊन टाकलं होतं.

"त्याच पावसाळ्यात."

बाहेर जीपगाडीत बसताना तिच्या दोन्ही पोरांनी तिच्यासाठी जागा केली नाही. ती लालीबाई आणि राखीसोबत एसटीने आली.

निकाल लागला तो असा की रूढी सिद्ध झाली नाही, झाली असं धरलं तरी ती पाळली गेल्याचं सिद्ध झालं नाही, एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार भरवशाची वाटत नाही, आणि जातीतले प्रमुख लोकच लग्न मानत नसल्याने नुसत्या सहवासावरून लग्न गृहीत धरता येत नाही. सबब लालीबाई ही पत्नी नाही, राखी ही औरस मुलगी नाही. भाषा स्वच्छ होती. कुठंही कुणाचा अपमान केलेला नव्हता. मला विचाराल तर शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते.

राखी त्या दिवसापासून कॉलेजात गेली नाही. कारण विचारलं तर हजेरीत पूर्ण नाव घेतात, एवढंच म्हणाली.

बादल मात्र एकदम मोकळा झाला. त्याने येताना राखीसाठी गोडीशेव आणली. "याडी, तू कुठंच जाऊ नोको," तो म्हणाला. "घर तुहंच हाये. राखीचं लगनही मीच करून देतो." हे तो मनापासून बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. कालपर्यंत ती स्वतःच्या घरात राहत होती; आता बादलच्या चांगुलपणावर राहणार होती.

रुपालीबाईंनी धीर सोडला नव्हता. "यवतमाळला अपील करू," त्या म्हणाल्या. "आपला सगळा भार बिजलीबाईंच्या साक्षीवर आहे. ती साक्ष कागदावर आहे. फक्त त्यांनी कुठं शब्द फिरवला नाही पाहिजे, तांड्यात कुणाजवळ काही वेगळं बोलल्या नाही पाहिजे. ती गेली तर मग काहीच नाही."

"ती नाही फिरवणार," लालीबाई म्हणाली.

बिजलीबाईची खाट पोरांनी गोठ्यात नेऊन टाकली होती. बापाला खाणारी आई घरात नको, असं सुनांनी सांगितलं. तांड्यातल्या बायका नळावर ती आली की घागर अर्धी भरलेली उचलून बाजूला व्हायच्या. नवऱ्या पोरी तिच्याकडे ढावलो शिकायला यायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही. पूर्वी पाटाकडे बघायचे नाहीत, तसं आता तिच्याकडे बघायचे नाहीत.

लालीबाई रोज दुपारी भाकर घेऊन गोठ्यात जायची. एका दुपारी, बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकलत बसली असताना, ती म्हणाली, "बिजली, मी मनाले एकच सांगतो. कोर्ट नाही म्हणो, श्रावण नाही म्हणो. तू पाह्यलं. एका माणसानं पाह्यलं ना, मंग झालं माहं लगन."

बिजलीबाई भाकर चावत होती. घास गिळून ती म्हणाली, "म्या नाही पाह्यलं, लाली."

लालीबाईचा हात थांबला.

"भिंतीकडं तोंड करून बसलतो मी. साऱ्याइसारखी. वरून डोळे मिटले होते. भेव वाटे मले."

"मंग ते कुंकू? कंदील?"

"पाटात आणखी काय करतीन? तेच सांगतलं."

"काहून पण?"

"कोणी तं बोलाले पाहिजे होतं." बिजलीबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "मी इतकी भेलो, इतके डोळे मिटले, तरी गेला ना तो. मंग वाटलं, नाही पाहून काय कमावलं? पाह्यलं म्हणून तरी कोणाच्या कामी पडन."

लालीबाईला राग येईना, रडू येईना. तिचं लग्न आता जगात कुणीच पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी लावलं ते मेले होते, ज्याने कंदील धरला तो नाही म्हणत होता, आणि तिला स्वतःला दिसले होते फक्त पाय.

त्याच महिन्यात तांड्यात श्रावणच्या नातीचं लग्न निघालं. मांडवात सगळा तांडा होता. लालीबाई राखीला घेऊन मागे, खांबाजवळ उभी होती. नवरी निघायची वेळ झाली आणि तिला ढावलो नीट येईना. पहिल्या ओळीनंतर अडायची, नुसती हुंदके द्यायची. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा कडेला उभी असलेली बिजलीबाई सवयीने दोन पावलं पुढे आली आणि तिने पुढची ओळ हळूच उचलून दिली. नवरीच्या आईने झटकन ओढणी ओढून पोरीचं तोंड झाकलं. "त्या बाईले दूर करा," ती म्हणाली. "माह्या जावयाचं काही वाईट नोको व्हायले." बिजलीबाईच्या धाकट्या पोराने आईचा दंड धरला आणि तिला मांडवाबाहेर ओढत नेलं.

बिजलीने कुणाचा पाट पाहिला नाही, एवढं एक वाक्य लालीबाईने म्हटलं असतं तर तो हात सुटला असता. समोर सारा तांडा होता, श्रावण होता, बादल होता. शेजारी राखी उभी होती, आणि तिच्या नावामागचा बाप यवतमाळच्या अपिलात अडकला होता.

बिजलीबाईने जाता जाता एकदा लालीबाईकडे पाहिलं. लालीबाई काही बोलली नाही.